बोरथडीला बाई बेलीफ

मंजुषाचा गहू पोटरीत आला होता आणि विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला कुलूप होतं.

विहीर दोन भावांची. थोरले माणिकराव, म्हणजे मंजुषाचे सासरे, आणि धाकटे आबासाहेब. दोघं होते तोवर पाण्याच्या पाळीवरून कधी आवाज चढला नाही; सोमवार आला की मोटार थोरल्याची, गुरुवार आला की धाकट्याची. पण जाता जाता माणिकरावांनी आपला तुकडा सुनेच्या नावावर केला. त्यांचा लेक योगीराज सेलूला जिनिंगमध्ये कामाला, कापसाचा हंगाम सुरू झाला की महिना महिना तिकडंच. रानात राबायची ती मंजुषाच, मग रान तिचंच असू द्या, असा म्हाताऱ्याचा सरळ हिशेब. आबासाहेबांना मात्र तो लागला. पोटचा लेक असताना सुनेच्या नावावर रान!

"पाळी माझ्या भावाची होती," ते पारावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "भाऊ गेला, पाळी गेली." आणि पेटीला कुलूप घातलं.

मंजुषा भांडली नाही. भिंतीला भिंत लागून घर, रोजचं तोंड दिसणं. शिवाय तिची दीड वर्षांची अनू, तिला आबा म्हणजे जीव. कुलूप लागल्यापासून आबासाहेबांनी तिलाही जवळ घ्यायचं टाळलं होतं. पोरगी आपली उंबऱ्यात उभी राहून "आब्बा, आब्बा" करायची आणि आबासाहेब टोपी डोळ्यांवर ओढून बैलाशी बोलायला जायचे.

योगीराजला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, काकाला कोर्टात कसं खेचायचं?"

"तुमी नका खेचू," मंजुषा म्हणाली. "रान माझ्या नावावर हाय, मी खेचते."

तालुक्याला शिंप्याच्या दुकानावर माडीत शिवकांत वकिलांचं ऑफिस होतं. कडेवर अनूला घेऊन ती तिथं गेली, दावा लागला. पाळीच्या दिवशी कुलूप काढून द्यावं असा हुकूम तिला हवा होता. कोर्ट म्हणालं, समोरच्याचंही ऐकायला हवं. त्यांना समन्स काढा.

आणि तिथंच सगळं अडलं. कारण बोरथडीत समन्स घेणं ही गोष्ट आजवर कुणी केली नव्हती, आणि कुणी घेऊ नये याची गावात पक्की व्यवस्था होती.

व्यवस्था अशी. फाट्यावर नागनाथचं हॉटेल. एसटीतून उतरणारा माणूस आधी त्याच्या नजरेखालून जाणार. कोर्टाचे बेलीफ तात्याराव, त्यांच्या मिशा आणि खांद्यावरची चामड्याची पिशवी अख्ख्या तालुक्याला पाठ. ते खाली उतरले की नागनाथ त्यांना हात धरून बसवायचा, "तात्या, आधी चहा," म्हणायचा, आणि चहा उकळेस्तोवर फोन गावात पोचलेला असायचा. यात आबासाहेबांवरचं प्रेम वगैरे काही नव्हतं. आज त्यांची, उद्या आपली, एवढंच.

पहिल्या खेपेला आबासाहेब ज्वारीत जाऊन बसले. दुसऱ्या खेपेला पळायला सवड मिळाली नाही, तर डोक्यावरून वाकळ घेऊन खाटेवर पडले आणि त्यांची बायको सुमनबाई तात्यारावांना म्हणाली, "माझ्या माहेरचं माणूस हाय. कांजण्या आल्यात." तात्याराव उंबऱ्यावरूनच मागं फिरले. तिसऱ्या खेपेला घराला कडी. आबासाहेब न्हाईत, सुमनबाई न्हाईत, लेक बालाजी न्हाई. तात्यारावांनी रीतीप्रमाणं कागद दाराला डकवला. डकवायला मंजुषाच्याच घरातून कणकेची खळ करून घेतली, हीच चूक झाली. तात्याराव फाट्यावर पोचायच्या आत शेजारची शेळी खळीसकट कागद खाऊन मोकळी.

"शेळीनं समन्स घेतलं म्हणायचं," शिवकांत वकील म्हणाले. ते हसले, मंजुषा हसली नाही. गव्हाची पानं दुपारची वळायला लागली होती.

"दुसरा काही उपाय?"

"हमदस्त मागता येतं. म्हणजे कागद तुमच्याच हातात देतील, तुम्ही नेऊन आबासाहेबांना द्यायचा."

"मी?" मंजुषा म्हणाली. "मी दिला तर ते म्हणतील दिलाच न्हाई. अन् दारात रेटारेटी झाली तर आमच्या दोघांचं तोंड कायमचं फिरंल. न्हाई साहेब. मला पाणी पाहिजे, वैर नको."

वकील टेबलावर पेन आपटत राहिले. मग म्हणाले, "मग कोर्टाला अर्ज करू. या कामापुरतं खास माणूस नेमून द्या म्हणून. तात्यारावांच्या ऐवजी दुसरं कुणी."

"दुसरं कोण?"

"दुसरा बेलीफ. पण त्याच्या खांद्यावरही पिशवी असणारच हो. तुमचा नागनाथ काय आंधळा आहे?"

मंजुषा अनूच्या हातातली वकिलांची रबरी मोहोर सोडवत होती. सोडवता सोडवता थांबली.

"साहेब, कोर्टात बाई बेलीफ न्हाई का?"

अर्ज दुसऱ्याच दिवशी पुढं आला. जज्जसाहेबांनी तात्यारावांचे तिन्ही अहवाल वाचले. शेळीच्या ओळीपाशी त्यांनी चष्मा काढून पुसला.

"वकीलसाहेब, खास बेलीफ नेमायचा, ठीक. पण स्त्री बेलीफच हवी असा आग्रह कशासाठी?"

शिवकांत वकील कलमं शोधायला लागले. तेवढ्यात मागच्या बाकावरून मंजुषा उभी राहिली. पदर सावरला, अनूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"साहेब, मी सांगू का? आमच्या गावात पुरुष पिशवी घेऊन आला की माणसं लपतात. बाई आली की बघायला बाहेर येतात."

कोर्टात खसखस पिकली. जज्जसाहेब हसले नाहीत, पण त्यांचा आवाज जरा सैल झाला. "आणि बेलीफबाईंनी भलत्याच माणसाच्या हातात कागद दिला तर? ओळख कोण पटवणार?"

"मी पटवते. आमची भिंत एकच हाय."

"समोर उभं राहून? तोंडावर सांगाल, हेच ते म्हणून?"

"सांगते."

अर्ज मंजूर झाला. नेमणूक झाली ती नुकत्याच रुजू झालेल्या रुद्राणी नावाच्या बेलीफबाईंची. मंजुषानं त्यांना व्हरांड्यात पाहिलं. चाळिशीच्या, उंच, कडक इस्त्रीची सुती साडी, गळ्यात रुद्राक्षाएवढं चांदीचं लिंग, चेहऱ्यावर शाळेच्या मोठ्या बाईंची जरब. "मी काम सरळ करते," त्या म्हणाल्या. "खोटं बोलून आत शिरणार नाही, सांगून ठेवते. विचारलं तर सांगेन मी कोण ते."

"व्हय ताई," मंजुषा म्हणाली. मनात मात्र म्हणाली, मग झालं आपलं.

रुद्राणीबाई आल्या तो रविवार होता. फाट्यावर उतरल्या, हातात साधी पर्स. नागनाथच्या हॉटेलसमोर उभं राहून त्यांनी खणखणीत विचारलं, "आबासाहेबांचं घर कुठं? त्यांना समक्ष भेटायचंय. घरची सगळी असतील ना?"

आता इथं गावाची एक दुखरी बाजू सांगायला हवी. बोरथडीत लग्नाची पोरं उदंड, आणि रानात राबणाऱ्या पोराला कुणी मुलगी देईना. आबासाहेबांचा बालाजी तिशी ओलांडून बसला होता. मुलीकडचे येतात ते आधी न सांगता, एखादी मावशी नाहीतर आत्या गुपचूप पाठवतात, घरदार, गोठा, पाणी बघून घ्यायला, हे गावाला अनुभवानं कळलेलं. त्यामुळं परगावची, नीटनेटकी, मोठ्या घरची दिसणारी बाई आबासाहेबांचं घर विचारायला लागल्यावर, आणि घरची सगळी आहेत का म्हणून चौकशी करायला लागल्यावर, नागनाथनं ती कोण हे विचारलंच नाही. विचारायचं काय त्यात! त्यानं गल्ला पोराबाळांवर सोडून स्वतःची मोटारसायकल काढली. आणि फोन केला तो खरा, पण उलटा.

"आबा, घरीच ऱ्हावा! रानात जाऊ नका. धोतर बदला. बालाजीला दाढी करायला लावा. मी घेऊन यायलोय!"

मंजुषा ओट्यावर लसूण सोलत होती. भिंतीपलीकडं एकदम धावपळ सुरू झाली. बादल्या वाजल्या, अंगणात सडा पडला, सुमनबाईनं बालाजीला "कॉलरचा घाल, कॉलरचा!" म्हणून झापलं. आणि मग भिंतीवरून सुमनबाईचं डोकं वर आलं. कुलूप लागल्यापासून त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

"मंजुषा! ये गं माय लवकर. पोहे टाक. तुझ्या हातचे मोकळे व्हतेत, माझा नुसता लगदा व्हतो."

"काकू, पण..."

"पणबिण संध्याकाळी. बालाजीसाठी बाई आलीया बघायला. घरात सून, लेकरू दिसलं की घर भरल्यासारखं दिसतंय. अनूला नवं झबलं घाल अन् ये."

मंजुषानं उडी मारून भिंतीवरून पाहिलं. नागनाथच्या गाडीवरून रुद्राणीबाई उतरत होत्या.

हसू पण येत होतं, रडू पण. काकूंनी इतक्या दिवसांनी हाक मारली होती, आणि ती हाक घेऊन जायचं ते बोट दाखवायला. क्षणभर वाटलं, जाऊच नये. मग दुपारच्या उन्हातला गहू डोळ्यांपुढं आला. तिनं अनूला झबलं घातलं आणि निघाली.

ओसरीत सतरंजी, त्यावर चादर, त्यावर रुद्राणीबाई. समोर आबासाहेब कडक टोपीत. बालाजी दाराआड, अर्ध्या गालावर साबण तसाच. अंगणात गावातली निम्मी माणसं काही ना काही निमित्तानं आलेली.

"मी कोर्टा..." रुद्राणीबाईंनी सुरुवात केली.

"आधी पाणी घ्या," सुमनबाईनं तांब्या पुढं केला.

पाणी झालं. "माझं असं काम होतं की..."

"कामाचं काय, व्हईल की!" आबासाहेब म्हणाले. "आमच्याकडं पोहे झाल्याबिगर कामाचं बोलत न्हाईत. ए सूनबाई, आण गं!"

सूनबाई! मंजुषानं पोह्यांची बशी ठेवली. रुद्राणीबाईंनी तिच्याकडं पाहिलं; ओळखीची एक रेषही चेहऱ्यावर उमटू दिली नाही. अनू मात्र सरळ आबासाहेबांकडं दुडदुडली आणि त्यांच्या मांडीवर चढून बसली. टोपी डोळ्यांवर ओढायला पाहुण्यांसमोर सोय नव्हती. आबासाहेबांनी तिला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली.

"ही माझ्या भावाची नात," ते मग म्हणाले.

"आबांचं रान लय भारी," अंगणातून नागनाथ ओरडला. "विहिरीला उन्हाळ्यात बी पाणी!"

"विहीर तुमची एकट्याची का?" रुद्राणीबाईंनी पोह्यांचा घास थांबवून विचारलं. त्यांना कागदातलं माहीत होतंच. पण माणूस बोलायला लागलाय तर ऐकून घ्यावं, एवढाच त्यांचा हेतू.

आबासाहेबांची छाती रुंद झाली. भावकीत भांडण असलेल्या घरात मुलगी कुणी देत नाही, हे त्यांनाही कळत होतं. "एकट्याची कुठली! दोघा भावांची. भाऊ गेला, पण पाळी न्हाई चुकली. आमच्यात तंटा नावाला न्हाई. विचारा की सूनबाईला!"

सगळ्यांच्या माना मंजुषाकडं वळल्या. दाराआडून बालाजी डोळे विस्फारून पाहत होता. आबासाहेबांच्या डोळ्यांत तर असा अजिजीचा भाव की मंजुषाला त्यांची दया आली. दया आली, आणि मग गंमतही सुचली.

"आबा म्हणतेत तर खरंच की," ती पदर तोंडाला लावून म्हणाली. "उद्या सोमवार. उद्याची मोटार आमची. न्हाई का आबा?"

"तर!" आबासाहेब घाईनं म्हणाले. "आमची कुठं ना हाय? उद्या तुझी, गुरुवारी माझी. सगळ्या गावाला माहीत हाय."

"माहीत हाय, माहीत हाय," गाव म्हणालं.

रुद्राणीबाईंनी बशी खाली ठेवली, रुमालानं बोटं पुसली आणि पर्स उघडली. "पोहे फार छान झाले. आता माझं काम. मी रुद्राणी, तालुक्याच्या कोर्टातून आलेय. खास बेलीफ म्हणून माझी नेमणूक झालीय." घडी केलेला कागद हातात घेऊन त्या मंजुषाकडं वळल्या. "वादीबाई, प्रतिवादी आबासाहेब ते हेच का?"

मंजुषाला कोर्टातलं आपलं "सांगते" आठवलं. तिथं ते किती सोपं होतं. इथं त्या माणसाच्या मांडीवर तिची पोर बसली होती.

ती पुढं गेली, आबासाहेबांसमोर वाकली आणि पायांना हात लावला.

"हेच," ती म्हणाली. "आमचे आबा."

"आँ?" आबासाहेब म्हणाले. मग त्यांना हळूहळू उमगत गेलं, कानापासून नाकापर्यंत लाल होत होत. "बेलीफ? ही बाई? आरं नाग्या!!"

नागनाथ मोटारसायकलच्या मागं गेला होता.

"फसवलं! मला माझ्याच घरात पोहे चारून फसवलं!"

"पोहे तुम्ही मला चारलेत," रुद्राणीबाई शांतपणे म्हणाल्या. "मी दोनदा बोलायला लागले. एकदा पाणी आडवं आलं, एकदा पोहे. मी कोण, हे तुमच्यापैकी एकानं तरी विचारलं का?"

कुणी विचारलं नव्हतं. सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

"मी सही करत न्हाई. न्या तुमचा कागद."

"नका करू. घ्यायला नकार दिला असं लिहीन. साक्षीला अंगणभर माणसं आहेत. मघाशी पाळीचं बोललात तेव्हाही होतीच."

आणि इतका वेळ दाराआड असलेला बालाजी अर्ध्या साबणानिशी बाहेर आला. लाजाळू पोरगा, चार माणसांत तोंड न उघडणारा. पण आज तो हसत होता. हसून हसून खांबाला टेकला.

"आबा, आता ही बाई कोर्टाची निघाली म्हणून बरं," तो म्हणाला. "खरीच कुणाची मावशी असती, अन् परत जाताना फाट्यावर तिला कुणी सांगितलं असतं, की ह्यांनी सुनेची मोटार कुलपात घातली, तर? आजच्या आज फोन आला असता, जमत न्हाई म्हणून. असे किती फोन आलेत सांगू का?"

रुद्राणीबाईंनी कागद आबासाहेबांच्या हातात ठेवला. अनूनं तो लगेच तोंडात घालायला घेतला. शेळीची आठवण होऊन अंगणात कुणीतरी फिसकन हसलं, आणि ते हसू इकडून तिकडं पसरत गेलं. शेवटी सुमनबाईच पदरात तोंड घालून हसायला लागल्या.

"आवं, करा सही," त्या म्हणाल्या. "कांजण्याच्या माणसानं आता तोंड दाखवलंच हाय तर!"

आबासाहेबांनी अनूच्या हातातून कागद सोडवला, मांडीवर ठेवला, सही केली. मग रुद्राणीबाईंकडं न बघता म्हणाले, "तारखेला काय बोलायचं असतंय?"

"जे आज बोललात तेच. एवढंच बोललात तरी पुष्कळ झालं."

सोमवारी पहाटे मंजुषा रानात पोचली तेव्हा पेटी उघडी होती आणि आबासाहेब आत डोकं घालून स्टार्टरला शिव्या देत होते. "बटण दाबून धरावं लागतंय. तुला न्हाई जमायचं, शॉक बसंल," ते गुरगुरले. मोटारीनं खोकल्यासारखा आवाज काढला आणि पाईपातून पाणी धपकन दांडात पडलं.

मंजुषानं चपला बांधावर काढल्या, साडी खोचली आणि खोरं घेऊन वाफ्याचं तोंड फोडलं. पाणी जिथं जिथं पोचलं तिथं भेगांतून बुडबुडे निघायला लागले. अनू सुमनबाईंच्या कडेवर होती आणि पाण्याकडं झेपावत होती.

"मंजुषा," सुमनबाई हळूच म्हणाल्या, आबासाहेबांना ऐकू जाऊ नये म्हणून. "त्या बाईचा नंबर तुझ्यापाशी असंल न्हाई?"

"हाय की. कामून?"

"न्हाई म्हणलं, ती तालुकाभर घरोघरी जाती. कुणाच्या घरात लग्नाची पोरगी हाय, ते तिच्याइतकं कुणाला ठाव असणार?"

मंजुषा खोरं टेकून हसायला लागली.

"हसायलीस काय? तारखेला मी बी येते कोर्टात. हे बोलतील जज्जापुढं, तोवर मी बाईशी बोलून घेते." मग जरा थांबून म्हणाल्या, "पोहे डब्यात घालून दे बरं. मोकळे कर."

तिकडून आबासाहेब ओरडले, "अगं, वाफा भरला! ध्यान कुठं हाय तुझं?"

"आले आबा," म्हणत मंजुषानं पुढच्या वाफ्याला पाणी फोडलं.